आमचं ‘नळ आले’ लातूरला वाजलं तेव्हा

चहा घ्या आधी, मग सांगतो. ठसका लागला तर मला बोल लावायचा न्हाई. रॉक गाण्यावर पब्लिक नाचल्याचं तुम्ही ऐकलं असंल. माझ्या गाण्यावर पब्लिक घरी पळालं, अन् तेही माझं लग्न ठरायच्या वक्ताला!

आमच्या नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला असताना आम्ही तिघांनी बँड काढला. गिटारवर बाळ्या, ड्रमवर अस्लम अन् गळा माझा. एक दिवस होस्टेलला मी अंगभर साबण लावून उभा, अन् नळ गेला. खिडकीतून धरण दिसून राहिलंय अन् इथं डोळ्यात साबण! मी जो किंचाळलो, ते बाहेर अस्लमनं ऐकलं अन् बादली पालथी घालून ठेकाच धरला.

“वही सूर पकड के रख, यार!”

झालं! साबण वाळायच्या आत गाणं तयार. दोन कडवी वाट बघायची, अन् मग सगळ्यांनी मिळून बोंबलायचं, “नळ आले! नळ आले! नळ आले!” आपल्याकडं पाणी कुठं येतं हो? आपल्याकडं नळच येतात.

कॉलेजच्या गॅदरिंगला पोरं खुर्च्यांवर चढली. उमरीला वन्स मोअर. बिलोलीच्या जत्रेत एक आजोबा म्हणाले, “भजन झ्याक हाय, जरा दमानं म्हणा.” म्या म्हणलं, चला, आता आपल्याला कोण अडवतंय! केसबिस वाढवले.

अडवलं गुरुजींनी. हे लातूरचे, रिटायर शाळामास्तर, अन् त्यांची लेक वैशाली. मी बघायला गेलो अन् बघतच राहिलो. लई म्हंजे लई आवडली! तिलाही मी पसंत होतो. तसं ती बोलली न्हाई, पण चहात साखर डबल होती.

“पाव्हणे, तुम्ही बँडमदी हायेत म्हणं?” गुरुजींनी विचारलं.

“हाव.”

“सनई का ताशा?”

“तसला बँड न्हाई, गुरुजी. रॉक.”

गुरुजींनी माझ्या केसांकडं बघितलं. “असं करा. गणपतीत आमच्या कॉलनीत म्हणून दाखवा. लोक बसून ऐकले तर सोयरीक. लोक उठून गेले, तर तुम्ही तुमच्या घरी, आम्ही आमच्या.”

आता लातूरच्या पाण्याचं तुम्हाला काय वेगळं सांगू? आठवड्यातून एकदा नळ आले तर नशीब. न्हाईतर टँकरमागं पळा. माणूस एक वेळ सोयरीक मोडंल, पण आलेला नळ सोडणार न्हाई. हे मला माहीत नव्हतं का? होतं की! पण डोक्यात रॉकस्टार शिरला की बाकी काही शिरत न्हाई.

संध्याकाळी मंडप गच्च भरला. गुरुजी पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. मागं वैशाली. म्या म्हणलं, “हॅलो लातूर!” कुणी हूं का चूं न्हाई. म्हणलं, पब्लिक थंड हाय, तापवावं जरा. वाजवायच्या आधीच माईक तोंडाला लावला अन् जीव खाऊन ओरडलो:

“नळ आले!”

पहिल्या रांगेतली एक मावशी ताडकन उठली. “अगं बया!” तिच्यामागं दुसरी. मग अख्खी रांग! मला वाटलं, जिंकलं! “अजून जोरात, लातूर! नळ आले!” खुर्च्या धडाधडा पडून राहिल्या.

“भाई, पब्लिक भाग रही है,” अस्लम म्हणाला.

“भागत न्हाई बे, नाचून राहिली!”

तेवढ्यात गुरुजीच उठले अन् चप्पल तिथंच टाकून पळाले. “वैशे, मोटर लाव! मोटर!”

भोंगे चारी दिशांना लावलेले. सगळ्या गल्ल्यांत एकदमच मोटरी चालू झाल्या, अन् धडाम! कॉलनीचा फ्यूज उडाला. लाईट गेली, माईक गेला. मंडपात उरला फक्त गणपती. तोही गेला असता, पण बसवलेला होता.

थोड्या वेळानं लोक आले परत, हंडे-घागरी घेऊन. रिकाम्या!

“कोण म्हणला रे नळ आले?”

“मावशी, ते गाणं हाय!”

“गाणं? आरं, माझं वरण करपलं की मुडद्या!”

गुरुजी खांद्यावर पाईप टाकून पुढं आले.

“पाव्हणे, लोक उठून गेले.”

“हाव, गुरुजी.”

“पण गाणं ऐकून न्हाई गेले. बातमी ऐकून गेले. आता गाणं म्हणा.”

काय माणूस हो! तिथंच पाया पडावं वाटलं. मोबाईलच्या बॅटऱ्या लागल्या, माईक नसल्यानं आम्ही उघड्या गळ्यानं सुरू केलं. मावश्यांनी हंडे वाजवायला घेतले, अन् दुसऱ्या कडव्याला अख्खी कॉलनी डोलून राहिली. अंगावर काटा आला राव! असा शो पुन्हा झाला न्हाई.

अन् अचानक माझा बूट गार लागला. स्टेजमागचा मंडळाचा नळ भळभळा वाहत होता.

“अहो, नळ आले!” मी ओरडलो.

“नळ आले!” टाळ्यांच्या ठेक्यात पब्लिक.

“खरंच आले!”

“खरंच आले!”

“पळा की!”

“पळा की! पळा की!” अस्लमनं ठेका वाढवला. मी हातवारे करून नळ दाखवला, तर सगळ्यांनी तसेच हातवारे केले. गुरुजींनीसुद्धा!

गाणं संपलं तवा नळ गेले होते. गुरुजींनी ती ओल बघितली, अन् माझा हात धरून बाजूला घेतलं.

“लोक बसले. शब्द म्हंजे शब्द, पोरगी तुमची. पण बायकांना कळायच्या आत नांदेड गाठा.”

लग्न झालं. आता आम्ही नांदेडलाच असतो. पहाटे नळ आले की मी ओरडतो, “वैशाली, नळ आले!” ती पांघरुणातून दोन टाळ्या वाजवते, “नळ आले!” म्हणते, अन् कूस बदलून झोपते.

पाणी मीच भरून राहिलोय.