दोनदा खोकणारा माणूस

मी डूख धरणारी बाई आहे. झालं गेलं विसरून जावं असं लोक सांगतात, मला ते कधी जमलं नाही. आमच्या दाजींच्या बाबतीत वखारवाल्याने जे केलं त्याला आता तेवीस वर्षं होतील, तरी तो रस्त्यात दिसला की माझे दात आपोआप आवळले जातात. खरं तर मी दाजींबद्दल लिहायला बसले आहे. पण त्या लाकूडफाट्या माणसाला वगळून त्यांची गोष्ट पुरी होत नाही, त्याला माझा इलाज नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजाराच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानावरच्या माळ्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन दिवे आणि भांग पाडायला भिंतीवर आरसा. मागे डार्करूम, म्हणजे दार लावलं की दुसऱ्या माणसाला श्वास घेऊ का म्हणून विचारावं लागे एवढीशी खोली. दाजी फोटो काढायचे आणि मी ते धुवायची, छापायची, आणि बारीक ब्रशने लोकांचे मुरूम आणि दुहेरी हनुवट्या पुसायची. दाजी म्हणायचे, "मेहुणीबाई, गावातली निम्मी लग्नं तुमच्या ब्रशाने जमली." "आणि बाकीची निम्मी?" "ती प्रत्यक्ष भेटल्यावर मोडली."

स्टुडिओ नऊला उघडायचा. त्याआधी, उजाडता उजाडता, दाजी बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या माळावर असायचे. तिथे ससे होते. घरातले पाळीव पांढरे नव्हेत, रानातले, लांब तंगड्यांचे, मातीच्या रंगाचे. लांबून टिपणारी लेन्स दाजींकडे नव्हती. त्यामुळे सशाचा फोटो काढायचा तर सशाजवळ जायला हवं, आणि रानातल्या सशाजवळ जाणं म्हणजे काय ते ज्याने करून पाहिलंय त्यालाच ठाऊक. पहिल्या वर्षी त्यांच्या सगळ्या रोलांवर पळणारी ढुंगणं होती. ताईने ती बघून विचारलं, "अहो, तुमच्यावर हा प्राणी नाराज आहे का?"

दाजी हसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आणि हळूहळू त्यांना ससा कळायला लागला. ससा चरताना त्याचा जबडा सारखा हलत असतो. जबडा थांबला म्हणजे त्याला आपली शंका आली, मग आपण आहोत तिथेच थांबायचं. जबडा परत सुरू झाला की पुढचं पाऊल. त्याला दोन्ही बाजूंचं आणि मागचंही दिसतं, पण अगदी नाकासमोरचं नीट दिसत नाही, म्हणून समोरून अचानक आलेला माणूस त्याला सगळ्यात वाईट. मादी पिल्लांना एका जागी ठेवत नाही. एक इकडे, एक तिकडे, गवताच्या खळग्यात ठेवून निघून जाते आणि दिवस मावळल्यावर एकदाच पाजायला येते. परत आपल्या जागी बसायला जाताना ती आल्या वाटेनेच मागे फिरते आणि मग बाजूला एक लांब उडी मारते, म्हणजे माग काढणाऱ्याची वाट तिथेच तुटावी. त्या उडीचा फोटो मिळवायला दाजींना अडीच वर्षं लागली. तो मी छापला तेव्हा डार्करूममध्ये माझ्या अंगावर काटा आला होता.

पण त्यांचा खरा शोध म्हणजे खोकला. "कोल्हा चोरपावलांनी येतो," ते सांगायचे. "मी चोर नाही हे त्यांना आधी कळलं पाहिजे." म्हणून पन्नास पावलांवरून ते दोनदा खोकायचे, थोडं थांबायचे, मग रेंगाळत, वाकडंतिकडं चालत जायचे. अंगात रोज तोच करडा कोट. चौथ्या वर्षी असं झालं की दाजी खोकले की माळावरचे कान एकदा त्यांच्याकडे वळायचे, आणि जबडे पुन्हा सुरू. एक मादी तर त्यांना चार पावलांवर बसू द्यायची. तिचा डावा कान टोकाला फाटलेला होता. दाजींनी तिचं नाव कानफाटी ठेवलं, आणि एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. घरी तिचं इतकं कौतुक चालायचं की ताई वैतागून म्हणायची, "सवत परवडली असती, तिला दोन शब्द सुनावता तरी आले असते."

दाजींचा एकच दुबळेपणा होता, सशांबद्दल कुणाला तरी सांगायची हौस. त्यांचं कुणी ऐकून घ्यायचं नाही. मी कामात, ताई कंटाळलेली, गिऱ्हाइकाला घाई. अशात एक दिवस वखारवाला बायकोपोरांचा फोटो घ्यायला वर आला. गावातली मोठी लाकडाची वखार त्याची, अंगाने दरवाजाएवढा, शिकारीचा नाद. पुढच्या खोलीत दाजींनी सशांचे सतरा फोटो लावले होते. तो एकेका फोटोपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "एवढ्या जवळून? कसं काय जमवता हो तुम्ही?"

झालं. कुणीतरी विचारलं! दाजींनी त्याला स्टूल दिलं आणि जबड्यापासून सुरुवात केली. मी पडद्याआडून ऐकत होते. कोट, वाकडी चाल, पन्नास पावलं, सगळं सांगितलं. कसं खोकायचं ते करूनसुद्धा दाखवलं. वखारवाल्याने तिथल्या तिथे खोकून पाहिलं, तर दाजी म्हणाले, "तेवढं जोरात नको, घशातल्या घशात." माझ्या दाजींना अखेर एक श्रोता मिळाला म्हणून मला इतका आनंद झाला की मी खाली जाऊन चहा आणला. तो चहा मला अजून डाचतो.

तीन आठवड्यांनी वखारवाला परत आला, हातात गोणपाट. भर दुपारी, माझ्या स्वच्छ पुसलेल्या फरशीवर त्याने ते उलटं केलं. चार ससे. "यांच्यासोबत एक झकास फोटो काढा," तो म्हणाला. "तुमचीच विद्या बरं का! दोनदा खोकलो. ही तर उठलीसुद्धा नाही, बघतच राहिली माझ्याकडे. आठ पावलांवरून मारली."

त्याने तिला मागच्या पायांनी धरून उचललं. डावा कान टोकाला फाटलेला.

मला वाटलं आता दाजी त्याला जिन्यावरून ढकलतील, निदान शिवी तरी देतील. त्यांनी दिवे लावले, फोकस केला आणि फोटो काढला. वखारवाला हात पुसत म्हणाला, "बसलोच आहे तर बंदुकीच्या परवान्यालाही चार काढून टाका, नवं पुस्तक करायचंय." दाजींनी तेही काढले. मग कॅमेरा माझ्या हातात देऊन ते जिना उतरून गेले.

आता माझी पाळी होती. दाजी सज्जन होते, मी नाही.

फोटोचा कागद हायपो नावाच्या पाण्यात पुरता वेळ ठेवला आणि नंतर भरपूर धुतला, तर चेहरा पन्नास वर्षं टिकतो. हायपोतून लवकर काढला आणि धुवायचं नाटक केलं, तर त्या दिवशी फोटो फक्कड दिसतो आणि पुढे आतल्या आत सडत जातो. बारा वर्षांत मी एकही प्रिंट असा सोडला नव्हता. ते चार मी घड्याळ लावून सोडले. वर त्याच्या नाकावरचा मसही काढला, गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून. तो खूश झालाच. सरकारी शिक्का बसला, पुस्तक त्याच्या खिशात गेलं, आणि मी रोज सकाळी दात घासताना त्या पुस्तकाची आठवण काढून हसू लागले.

चौथ्या महिन्यात रस्त्यावरच्या तपासणीत पोलिसाने त्याची गाडी थांबवली आणि परवाना उघडला. आत चेहऱ्याच्या जागी पातेल्याच्या करपलेल्या बुडासारखा डाग. "हा कोण?" "मीच की." "कशावरून?" बंदूक जमा झाली, चौकशी लागली, वखारवाला कचेरीचे उंबरे झिजवत बसला. स्टुडिओत येऊन त्याने आकांडतांडव केलं तेव्हा मी अगदी मवाळपणे म्हटलं, "उन्हात राहिलं असेल हो पुस्तक. खिशातला घामही वाईट." ते बोलताना जी चव जिभेवर आली ती मला दुसऱ्या कशाने कधी आली नाही.

संध्याकाळी मी दाजींना सगळं सांगितलं. पाठीवर थाप मिळेल अशी माझी अपेक्षा होती.

"बंदूक सुटून येईल गं," ते म्हणाले. "आणि नाही आली तर दुसऱ्याची येईल. त्याने गावभर सांगितलंय. परवा दोघंजण माळावर खोकत फिरताना मी पाहिले. ससे तसेच बसून होते."

"मग त्या दोघांचंही बघते मी."

"तू वखारवाल्याचा वचपा काढलास. ससे त्याला भुलले नव्हते, माझ्या खोकल्याला भुलले. माझ्यावरचं उट्टं कोण काढणार?"

मला राग आला. आपल्या माणसाने स्वतःवर असा डूख धरावा हे मला सहन होईना. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते निघाले तेव्हा मीही ताईची जुनी परात आणि लाटणं घेऊन मागे गेले, कारण त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता. पत्र्याचा डबा होता, आत वाजवायला खडे.

माळाच्या कडेला उभं राहून दाजी दोनदा खोकले. कान वळले. जबडे थांबले आणि पुन्हा सुरू झाले. मग हा माणूस, ज्याने सहा वर्षं तिथे शिंकसुद्धा रुमालात दाबली होती, तो डबा खडखडवत, घसा फोडून ओरडत त्यांच्यावर धावून गेला. ससे उडाले, दहा-बारा पावलं गेले आणि थांबून मागे वळून बघू लागले. करडा कोट ओळखीचा होता ना! दाजींनी ढेकळं फेकली. तेव्हा कुठे ते पांगले.

कानफाटीची एक पोर होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिला दाजींनी डोळे उघडे, अंगभर लव, अशी जन्माच्या दुसऱ्या दिवशी पाहिली होती. ती जागची हललीच नाही. दाजी खोकले, ओरडले, डबा वाजवला. ती गवत खात राहिली. ढेकूळ तिच्या बाजूला फुटलं. मग दाजींनी दगड उचलला. तो तिच्या मांडीवर बसला आणि ती किंचाळली. ससा एरवी तोंडातून आवाज काढत नाही. तो आवाज लहान मुलासारखा होता. लंगडत ती गेली, आणि दाजी तिथेच मातीत बसले.

"पुरे झालं, दाजी. चला घरी."

"ती अजून थांबून बघतेय," ते म्हणाले आणि उठून दुसरा दगड शोधू लागले.

रोज तेच. तोच कोट, दोनदा खोकला, मग डबा, परात, दगड. ज्यांच्यासाठी झोप सोडली त्यांची या माणसाने दोन महिने ससेहोलपट केली. माझे हात परात बडवून सुजायचे आणि प्रत्येक ठोका मी वखारवाल्याच्या टाळक्यात घालत होते. दाजी कुणाच्या घालत होते ते मला दिसत होतं. ताईने त्या दिवसांत एकही चेष्टा केली नाही. तिने फक्त कोटाची फाटलेली बाही शिवून दिली.

पाच महिन्यांनी वखारवाल्याची बंदूक सुटून परत आली. तो दोन मित्रांना घेऊन माळावर जाणार हे त्याने बाजारात आधीच सांगितलं होतं, बढाईखोर माणसाच्या पोटात काही राहत नाही. दाजी आणि मी आधीच जाऊन वीटभट्टीच्या पडक्या भिंतीमागे उभे राहिलो. तिघे आले. वखारवाल्याने खास करडा कोट शिवून घेतला होता. पन्नास पावलांवर थांबून, घशातल्या घशात, अगदी शिकवल्यासारखं तो दोनदा खोकला.

माळ रिकामा झाला. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळे ससे उठले आणि पलीकडच्या ओढ्यापार गेले. बंदूक त्याच्या खांद्यापर्यंतही पोचली नाही. त्याने आणखी खोकून पाहिलं. मित्र आधी हसले, मग चिडले. तासभर तो त्या ओसाड माळावर क्षयाच्या रोग्यासारखा खोकत हिंडला, आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबून भिंतीमागे हसत होते. असं पोटभर सुख मला आयुष्यात फार थोड्या वेळा मिळालं आहे.

ते गेल्यावर दाजी माळावर गेले. डबा नाही, दगड नाही. खोकलेही नाहीत. कानफाटीच्या खळग्यापासून चार पावलांवर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने एक ससा ओढ्याच्या काठावर आला, कपाळावर पांढरा ठिपका, एक पाय किंचित ओढत. तिने तेवढ्या लांबून दाजींना पाहिलं, तिचा जबडा थांबला, आणि ती वळून वाऱ्यासारखी पळाली.

"पाहिलंस?" दाजी मला म्हणाले. "किती लांबून ओळखलं मला. आता नाही कुणाच्या हाती लागायची."

पोर परीक्षेत पास झाल्याचं सांगावं तसा त्यांचा आवाज होता, आणि ते ढसढसा रडत होते. त्या क्षणी वखारवाला समोर असता तर मी त्याला जिवंत सोडलं नसतं.