फाळक्यावरची मुलगी

रस्त्यावरची चित्रं गोळा करायचा नाद मला कॉलेजात लागला. तेव्हा खिशात एसटीच्या पासापुरते पैसे असायचे, म्हणून मी चित्रं फोटोतच न्यायचो. सलूनचा बोर्ड, पंक्चरवाल्याचा पत्रा, भिंतीवरची खताची जाहिरात, काहीही चालायचं. बारामतीत नोकरी लागल्यावर भंगारवाल्यांशी ओळखी वाढवल्या. फ्लेक्स आल्यापासून लोक हाताने रंगवलेले बोर्ड बिनदिक्कत भंगारात घालत होते आणि मला ते वजनावर मिळत होते. भिगवणच्या एका खानावळीचा पत्रा असाच आणला. त्यावरचा मासा गालातल्या गालात हसतो. बायको म्हणायची, लोक घरातलं भंगार बाहेर काढतात, तुम्ही आत आणता. तिचं चुकत नव्हतं.

पगार वाढला तशी हाव वाढली. आता भंगारातलं नको, रस्त्यावर अजून चालतंय ते हवं, असं वाटायला लागलं. उसाचा हंगाम संपत आला असताना सणसरजवळ मी एका ट्रॉलीच्या मागे अडकलो. ट्रॉलीच्या मागच्या फळीला आमच्याकडे फाळका म्हणतात. त्यावर मोर असतो, बैलजोडी असते, नाहीतर नटलेली बाई. या फाळक्यावर शाळेच्या गणवेशातली दोन वेण्यांची मुलगी होती. पाठीला दप्तर, एक दात किंचित पुढे. जाता जाता मागे वळून ती थेट माझ्याकडे बघत होती. मला ती हवीच होती.

मालकाने ट्रॉली आदल्याच वर्षी जुन्यात घेतली होती. नवा फाळका बसवून त्यावर मोर काढवून देतो म्हटल्यावर तो लगेच तयार झाला. मुलगी माझ्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर लागली. पाहुणे थांबून बघायचे आणि मी फुशारकी मारायचो.

एकच खटकायचं. इथले पेंटर कोपऱ्यात नाव, गाव आणि मोबाइल नंबर टाकल्याशिवाय ब्रश धूत नाहीत. या फाळक्यावर काहीच नव्हतं. सही नसलेलं चित्र मला अर्धवट वाटायला लागलं. विचारत विचारत दिवाळीनंतर मी कन्हेरीच्या एका पेंटरपर्यंत पोचलो. आता तो फक्त गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवत होता. तुमचं एक जुनं चित्र माझ्याकडे आहे, सही करायला या, म्हणालो. तो आला.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि तो समोरच्या भिंतीशी खालीच बसला. मी मूर्खासारखं काळ्या रंगाची डबी पुढे केली आणि यावर नाव का नाही टाकलं, असं विचारलं.

"लेक हाय माझी," तो म्हणाला. "लेकीच्या अंगावर फोन नंबर कसा टाकायचा?"

मुलगी सहावीत असताना तापाने गेली होती. ट्रॉलीच्या पहिल्या मालकाला त्याने फाळका फुकट रंगवून दिला होता, त्यावर दुसरा रंग कधी द्यायचा नाही एवढ्या बोलीवर. हंगामात ट्रॉली कन्हेरीवरून कारखान्याकडे जायची आणि दुपारी त्याची बायको रस्त्याकडेच्या मोरीवर जाऊन बसायची. या हंगामात मुलगी दिसेना. ट्रॉली बिघडलीय, दुरुस्तीला टाकलीय, असं तो बायकोला सांगत आला होता. खरं तर ट्रॉली रोज तिच्यासमोरूनच जात होती, मागे मी काढवून दिलेला मोर घेऊन.

फाळका तुमच्या घरी न्या, मी म्हणालो. त्याने नकाराची मान हलवली.

"घरात हार घातलेला फोटू हाय. रस्त्यावर ती साळंला जाती."

दुसऱ्या दिवशी फाळका टेम्पोत घालून सणसरला नेला. मालकाने आधी मला वेड्यात काढलं. मी हात जोडले, ती जुनी बोली सांगितली. तो स्वतःच पाना आणायला उठला.

ट्रॉलीच्या पुढच्या खेपेला मी कन्हेरीला गेलो. पेंटरची बायको मोरीवर बसलेली होती. ट्रॉली आली तशी ती उठली; ट्रॉली गेली, वळणाआड झाली, तरी ती रस्त्याकडे बघत उभीच होती. माझ्यापायी तिचा नवरा तिच्याशी खोटं बोलला होता आणि ते मला सहन होईना. ट्रॉली बिघडली नव्हती, फाळका मी विकत घेतला होता, इतके महिने तो माझ्या घरात भिंतीवर होता, असं मी तिला सांगून टाकलं. ती दोन शिव्या घालेल असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिने पदराने तोंड पुसलं.

"तुमच्या घरी व्हती व्हय?" ती म्हणाली. "मंग बरं झालं. तेवढे दिस तरी उन्हात न्हवती."