ताईच्या वाडीतलं पपनस

तुळिंजच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नरहरी वर्तकांचा हात म्हणजे काय सांगावं! डोळ्याला भिंग लावून बसले की तिळाएवढा स्क्रूही मुकाट जागेवर जायचा. २००१ साली त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा आगाशीच्या थोरल्या बहिणीनं, यमुनाताईनं, आपलं एक देऊन भावाला वाचवलं. शरीरानं ते परकं समजून हाकलू नये म्हणून सायक्लोस्पोरिनच्या कॅप्सूल सुरू झाल्या.

पुढच्या दिवाळीत हात थरथरू लागले. चिमट्यातून स्क्रू उडायचे. जुनी गिऱ्हाइकं गोड बोलून घड्याळ परत न्यायची, ते जास्त लागायचं. हे त्या औषधाचंच काम, असं धरून नरहरींनी मनाशी ठरवून टाकलं, कॅप्सूल बंद. हातच गेले तर घड्याळजीनं जगून करायचं काय? अहो, पण असं एकट्यानं ठरवायचं असतं का? नशीब, त्याआधी तपासणीची तारीख आली.

रक्तात औषध हवं त्याच्या दुप्पट निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशींत कॅल्सिन्युरिन नावाचा एन्झाइम असतो. कॅल्शियम वाढलं की तो जागा होतो आणि प्रथिनांवरचं फॉस्फेट काढून टाकतो. शरीराच्या लढाऊ पेशींना तोच चेतवतो, म्हणून औषध त्याला अडवतं. पण मेंदूतल्या पेशींचं आपापसातलं बोलणंही तोच ताळ्यावर ठेवतो. तिथं जास्त अडवला गेला की हात थरथरू शकतात. सध्या वेगळं काही खाता?"

"छे, घरचंच."

"घरचं म्हणजे काय काय?"

तेव्हा कुठे निघालं, ताईच्या वाडीतलं रोज एक पपनस. आता वाडीवाल्याला विचारा, घरच्या झाडाचं फळ तो वेगळं म्हणेल? आणि नेमकं पपनसच हे औषध आतड्यात मोडू देत नाही, त्यामुळे ते रक्तात जास्त उतरतं.

ताईला सांगायचं कसं, या विचारानं नरहरींचा जीव अर्धा झाला. आगाशीला गेले तर ती त्यांच्यासाठी पपनसच सोलत बसलेली. त्यांनी सगळं सांगितलं, कॅप्सूल बंद करणार होतो तेही. तिनं पपनस बाजूला सारलं.

"बंद केल्या असत्यास तर काय झालं असतं?"

"मूत्रपिंड गेलं असतं."

"कुणाचं?"

यमुनाताईचे डोळे भरून आले होते.

"माझं आहे ते, नरू. तुला सांभाळायला दिलंय."