अर्ध्या ओळीत थांबलेलं मशीन

अक्का गेल्याची बातमी फोनवर आली, पण त्या फोनवर 'गेली' हा शब्द कुणी उच्चारला नाही. फोन मंठ्याहून होता, दाजींचा. ऊन उतरणीला लागलं होतं आणि आमच्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात पहिल्या पानाची जुळवाजुळव चालू होती. दाजी म्हणाले, "मशीन मधेच बंद पडलं. अर्ध्या ओळीत. हाक मारली तर मास्तरीण ओ देईना..." एवढं बोलून ते थांबले. मागून शेजारच्या काशिनाथचा आवाज येत होता, "साहेब, फोन हिकडं द्या, मी सांगतो." मग काशिनाथनं उरलेलं सांगितलं.

मास्तरीण म्हणजे अक्का, माझी थोरली बहीण. मंठ्यातल्या एका शाळेत तिनं निवृत्तीपर्यंत खेळ शिकवले. दाजी म्हणजे तिचे यजमान, भूमी अभिलेख खात्यातले मोजणीदार. घरात ती त्यांना 'मोजणीदार' म्हणायची आणि ते तिला 'मास्तरीण'. लग्नाच्या पहिल्या वर्षी चेष्टेत सुरू झालेली ही नावं पुढे कायमची चिकटली. आणि मशीन म्हणजे मागून ढकलत चालवायचं, पेट्रोलवरचं गवत कापायचं यंत्र. मंठ्यासारख्या गावात असं यंत्र घरी का होतं, हे सांगितल्याशिवाय त्या फोनचा अर्थ लागणार नाही.

दाजींची सगळी नोकरी पायी झाली. बांधावरून हातघाईवर आलेल्या भावाभावांमध्ये उभं राहून साखळी टाकायची, खुणा गाडायच्या, मग पुढचं शिवार. तालुक्यातला कुठला रस्ता पावसात बंद होतो आणि कुठल्या विहिरीचं पाणी गोड, हे त्यांना तोंडपाठ होतं. निवृत्तीनंतर काचबिंदूनं आधी एक डोळा घेतला, मग दुसरा. काठी घेऊन ते काही दिवस बाहेर पडले. एकदा रस्त्याकडेला टाकलेल्या खडीच्या ढिगावर पडले, घरी आले, काठी दाराआड ठेवली आणि ओट्यावरच्या खुर्चीत बसले. ते बसूनच राहिले. अक्कानं समजूत काढली नाही. तिनं घरापुढची जागा, जिथं भेंडी आणि वांगी असायची, ती सपाट करून घेतली आणि हरळी लावायला घेतली.

काशिनाथ कुंपणापलीकडून हे बघत होता. त्याच्याकडे चार एकर कापूस आणि एक म्हैस. हरळी हा त्याचा जन्माचा वैरी. "बाई, आमी हरळी खणून खणून मेलो, अन् तुमी इकत पाणी आणून लावून राह्यल्या? डोक्यावर ऊन घेतलं का?" अक्का काडी रोवत म्हणाली, "तुझ्या रानात नको असंल, माझ्या अंगणात पाहिजे." पाहिजे कशासाठी, ते पावसाळा संपताना कळलं. तिनं दाजींचा हात धरून त्यांना ओट्याच्या पायऱ्या उतरवल्या, चपला काढायला लावल्या आणि हात सोडला. "आता चाला. समोरच्या भिंतीपर्यंत सगळं मऊ आहे. माती लागली की समजायचं, हद्द संपली." दाजी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत चालत होते, असं अक्का सांगायची. त्यांच्यासाठी अंधार पडण्याचा प्रश्न नव्हता, हेही तीच हसत सांगायची.

वाढलेल्या हरळीत पाय अडकतो, आणि पावसाळ्यात तिच्यात काय दडून बसेल याचा नेम नसतो. कोयत्यानं कापलं की खुंट टोचतात. म्हणून मुलगा, नितीन, पुण्याहून ते मशीन घेऊन आला. जालन्यापर्यंत बसच्या डिकीत, पुढं मंठ्यापर्यंत जीपच्या टपावर. मी तेव्हा तिथं होतो. नितीननं दांडा उघडून नट आवळले आणि लगेच दोरीला हात घातला. अक्का त्या वेळी चष्मा लावून मशीनबरोबर आलेली पुस्तिका दाजींना मोठ्यानं वाचून दाखवत होती. "हात काढ तिथून," ती म्हणाली. "इंजिनात तेल न्हाई. नव्या मशीनमध्ये ते आपण भरायचं असतं. कोरडं फिरवलं की आजच बसंल ते." नितीन म्हणाला, "आई, पेट्रोल भरलंय ना." दाजी खुर्चीतून म्हणाले, "पेट्रोल येगळं, तेल येगळं. माझ्यासारख्या आंधळ्याला समजलं, तुला कसं समजंना?" मशीन त्या दिवशी चालू झालं नाही. दुसऱ्या दिवशी तेल आलं, मशीन सपाट जागी ठेवून तेल मोजायच्या कांडीवरच्या खुणेपर्यंत भरलं गेलं, आणि मगच दोरी ओढली गेली.

तिची पद्धत पुढे कधी बदलली नाही. पाऊस उघडून गवत पुरतं वाळल्याशिवाय मशीन बाहेर निघायचं नाही. ओल्या गवतावर पाय सरकतो, गवत पात्याला चिकटतं. आधी ती बादली घेऊन पूर्ण जागा फिरायची. काळ्या मातीतून प्रत्येक पावसानंतर खडे वर येतात, कावळे हाडं टाकतात, काशिनाथच्या कुंपणाच्या तारेचे तुकडे उडून येतात. ते सगळं बादलीत. पहिल्याच वर्षी कौलाचा एक तुकडा नजरेतून सुटला. पात्यानं तो असा भिरकावला की पाण्याच्या पत्र्याच्या पिंपाला खोक पडली. ते पिंप तिनं मुद्दाम तिथंच ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. पेट्रोल भरायचं ते उघड्यावर आणि इंजिन थंड असताना. "काशिनाथ, बिडी फाटकाच्या भाईर!" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल सांगता येत नाही. साडी बाजूला, शाळेतली जुनी ट्रॅकपँट, जाड तळव्याचे बूट, डोळ्यांवर चष्मा. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "बाईंची पीटी अजून संपली न्हाई." ती म्हणायची, "संपली की सांगते, तोवर पोरं घरात घ्या." मशीन नेहमी पुढं ढकलायचं, स्वतःच्या पायाकडे ओढायचं नाही. भिंतीजवळच्या उताराला आडवं चालायचं. खालून साफ करायचं असलं की आधी स्पार्क प्लगवरची टोपी काढायची, म्हणजे इंजिन चुकूनही सुरू होत नाही. आणि ती निघाली आहे की नाही हे दाजींनी हात लावून बघायचं. थंड इंजिनावरून दाजींची बोटं हळूहळू सरकायची. "निघाली," ते म्हणायचे. मगच ती मशीन कलतं करायची, एअर फिल्टर वरच्या अंगाला ठेवून. तिला ते एकटीला करता आलं असतं. पण तिनं ते काम त्यांच्याकडे ठेवलं होतं.

दोरी ओढायच्या आधी हजेरी व्हायची. ती शाळेतल्या आवाजात हाक मारायची, "मोजणीदार!" आणि ओट्यावरून उत्तर यायचं, "ओट्यावर!" पाहुणे असले तर त्यांचीही नावं घेतली जायची, आणि ज्यानं त्यानं आपण कुठं उभे आहोत हे सांगायचं. एकदा मी गमतीनं गप्प राहिलो. तिनं दोरी सोडली, हात बांधून उभी राहिली आणि माझं उत्तर येईपर्यंत हलली नाही. इंजिन थांबलं, की हाकेची पाळी दाजींची. "मास्तरीण!" ती म्हणायची, "ओ!" त्यात सांगण्यासारखं काही नसायचं... फक्त ओ.

मशीनच्या दांड्याला एक कांब असते. ती दांड्याशी दाबून धरली तरच इंजिन चालतं. हात सुटला की पातं थांबतं. गेल्या दोन-तीन वर्षांत अक्काची बोटं सुजायला लागली होती. अर्धं अंगण झालं की ती हात झटकायची, आणि जेवताना भाकरी मोडायला तिला वेळ लागायचा. दाजींना हे दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. ताटावर तिचा हात थांबला की त्यांचाही थांबायचा. एका भेटीत मी बघितलं, त्या कांबेभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी गच्च आवळलेली होती. आता हात धरायची गरज नव्हती, मशीन आपलं आपण चालणार होतं. पट्टी दाजींनी स्वतः, चाचपत, बांधली होती. ट्रॅक्टरवाले, पंपवाले, सगळे असंच काही ना काही बांधतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

अक्कानं कात्री आणली आणि पट्टी कापली. दाजी दुखावले.

"बोटं दुखून राह्यली तुझी, म्हणून बांधलं. मी काय शत्रू आहे का?"

"दुखू द्या."

"एवढा हट्ट कशापायी?"

अक्कानं कात्री ओट्यावर ठेवली. "मी पडले तर तुम्हाला दिसणार आहे का? ते चालूच राह्यलं तर तुम्ही म्हणाल, मास्तरीण कापून राह्यली. ते बंद पडलं तरच तुम्हाला कळंल."

ट्यूबचा तुकडा तिनं बादलीत टाकला, खड्यांबरोबर.

अक्का गेली तो दिवस पोळ्यानंतरचा होता. पावसानं उघडीप दिली होती. पुढचं दाजींनी मला नंतर, खुर्चीत बसून, एका सलग आवाजात सांगितलं. हजेरी झाली होती. ओळी भिंतीपर्यंत जाऊन वळत होत्या. वळताना आवाज भिंतीवर आपटून जाड होतो, त्यावरून त्यांना ओळ कळायची. एक ओळ भिंतीला पोहोचलीच नाही. आवाज मधेच तुटला. त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. मग ते अनवाणी उतरले आणि नुकत्या कापलेल्या ओळीवर पाय ठेवत, पेट्रोलच्या वासाच्या रोखानं चालत गेले. जिथं पायाला उंच गवत लागलं, तिथं ती होती. मशीन तिच्या पुढ्यात, थांबलेलं. तिच्या अंगावर ओरखडाही नव्हता. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हृदय. दाजींच्या आरोळीनं काशिनाथ कुंपण ओलांडून आला.

दहावं-तेरावं झालं. माणसं पांगली. नितीननं दाजींना पुण्याला न्यायचं ठरवलं होतं, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिथं चौथ्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहे. दाजींनी एकच विचारलं, "पायाखाली काय आहे तिथं?" नितीन म्हणाला, "फरशी, दादा." इकडे अंगणात गवत तर वाढतच होतं. आणखी थोडं वाढलं की त्यांना पायरी उतरता आली नसती, आणि मग पुण्याला नाही म्हणायला कारण उरलं नसतं. काशिनाथनं उपाय सुचवला, "म्हैस बांधतो, साहेब. दोन दिसात साफ." दाजी म्हणाले, "खुराचे खड्डे कोण बुजवणार, तुझा बाप?"

पण दाजी गवताला हातही लावू देत नव्हते, आणि त्याचं कारण मला एका संध्याकाळी समजलं. ते उतरले, भिंतीच्या दिशेनं चालत गेले आणि मधेच थांबले. उजव्या पायाचा अंगठा पुढं-मागं करून काहीतरी शोधत होते. कापलेलं आणि न कापलेलं गवत यांच्यात तिथं एक पायरी होती. अक्काची शेवटची ओळ तिथं तुटली होती. ते रोज तिथपर्यंत जात आणि परत फिरत. पण अलीकडचं, कापलेल्या भागातलं गवतही वाढत होतं. माझ्या डोळ्यांना तर फरक दिसतच नव्हता. "काल लागली होती," दाजी म्हणाले. "आज लागंना..." मी तिथं हात फिरवून बघितलं. मलाही लागली नाही.

ओट्यावर आल्यावर ते म्हणाले, "काशिनाथला बोलवा. उद्या ऊन पडलं तर कापू."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. काशिनाथ माझे बूट घालून आला, त्याचे पाय त्यात मावत नव्हते. दाजी खुर्चीतून सांगत होते. बादली घे. तेलाची कांडी पुसून परत घाल, मग बघ. टाकी काठोकाठ भरू नको. पातं जरा वर घे, गवत फार वाढलंय. एकदम बुडाशी कापलं तर पिवळं पडंल, उरलेलं चार दिवसांनी काप. पुस्तिका तिनं एकदाच वाचून दाखवली होती. काशिनाथ हसत म्हणाला, "बाईच बोलून राह्यल्या जणू." मग स्वतःच ओशाळला आणि बिडी काढून फाटकाच्या खांबावर ठेवून आला. दोरीला हात लावण्याआधी त्यानं हाक मारली, "साहेब!" दाजी म्हणाले, "ओट्यावर!" नितीननं आपण दारात आहोत असं सांगितलं, मी म्हणालो, पायरीवर.

काशिनाथ नवशिका, ओळी वाकड्या जात होत्या, पण जात होत्या. भिंतीशी आवाज जाड व्हायचा, वळायचा, परत यायचा. दाजींची मान त्या आवाजाबरोबर फिरत होती. नितीन बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा होता. "थंडीभर इथंच राहू दे त्यांना," तो मला हळूच म्हणाला. "उन्हाळ्यात गवत वाळलं की बघू."

तेवढ्यात आवाज मधेच तुटला. काशिनाथला एक खडा दिसला होता. त्यानं दांडा सोडला होता आणि तो वाकला होता.

दाजी खुर्चीतून उठले. हात पुढं, ओट्याच्या कडेपर्यंत आले.

"मास्तरीण!"

काशिनाथनं हातातला खडा वर करून दाखवला. मग त्याच्या लक्षात आलं की साहेबांना तो दिसणार नाही. त्यानं आमच्याकडे बघितलं.

"ओ," काशिनाथ म्हणाला.

दाजी उभेच होते. दोरी ओढल्याचा आवाज आला, इंजिन सुरू झालं, आणि ती ओळ पुढं भिंतीपर्यंत गेली. मगच त्यांनी मागं हात नेऊन खुर्ची शोधली.