दाजींनी गाडी खोलली तेव्हा

यंत्रावर इतका जीव आणि मेकॅनिकवर इतका अविश्वास असलेला माझ्या दाजींसारखा दुसरा माणूस कुकडी नदीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. येडगावला धरणाच्या कडेला त्यांची शेती आहे. कांदा, टोमॅटो, थोडा ऊस. पण शेतात पाणी सोडून झालं की उरलेला दिवस ते कशाच्या ना कशाच्या खाली आडवे झालेले असत. कधी पंपाच्या, कधी ट्रॅक्टरच्या, आणि बहुतेक वेळा आपल्या त्या जुन्या, उंच, सात माणसांच्या गाडीच्या. त्यांच्याशी बोलायचं तर आधी दोन पाय दिसत. मी त्या पायांना नमस्कार करून पुष्कळदा थेट स्वयंपाकघरात गेलेली आहे.

घरी आलेल्या माणसाचा पाहुणचार बंपरपासून सुरू होई. "पावणं, च्या व्हईस्तवर जरा हितं हुबं राहा," म्हणून ते त्याला गाडीच्या पुढच्या बंपरवर चढवत, मग एकदम खाली उतरायला सांगत आणि गाडी किती वेळा मान हलवते ते मोजत. एकदा हलली तर धक्के झेलणारा शॉकअप ठणठणीत, तीनदा हलली तर गेला. आक्काच्या मुलीला, माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाच्या काकांनाही त्यांनी सोडलं नाही. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले ते भरदार काका बंपरवर चढले, उतरले, आणि दाजी सगळ्या बैठकीला ऐकू जाईल असं म्हणाले, "झ्याक! ब्याण्णव किलो तरी आसंल!" आक्काने आत कपाळाला हात लावला. पण लग्न जमलं. पुढे ते काका आपली गाडी दाखवायला स्वतःहून येऊ लागले.

आम्हा सगळ्यांना अरे-तुरे करणारे दाजी गंजलेल्या नटाला मात्र अहो-जाहो करत. हातोडा शेवटचा उपाय. आधी डिझेल पाजायचं, मग वाट बघायची, मग पाना लावून हळूच म्हणायचं, "उठा राव आता. लई दिस बसलात." आणि काढलेला प्रत्येक नट आक्काच्या स्टीलच्या ताटांत ओळीने मांडायचा. गाडी खोललेली असली की त्या घरात पाहुण्यांना पत्रावळीवर जेवावं लागे.

आमचं माहेर पाण्याखाली आहे. घोडेगावच्या पुढे, डिंभे धरणात. गाव उठलं तेव्हा मी सात वर्षांची होते आणि आक्काचं नुकतंच लग्न झालं होतं, त्याच घराच्या अंगणात. वडिलांना खाली दुसरीकडे जमीन मिळाली, घर झालं, पण आक्काने त्याला कधी माहेर म्हटलं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी देवळाचे दगड दिसतात, मग घरांची जोती. दर मे महिन्यात दाजी तिला तिथे घेऊन जात. ती जोत्यावर अर्धा तास बसे, मूठभर शेंगदाणे खाई आणि परत येई.

मग तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, गाडीतले धक्के अजिबात चालायचे नाहीत. पहिला उन्हाळा तसाच गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात मी पुण्याहून चार दिवस गेले होते. संध्याकाळी लसूण सोलताना आक्का म्हणाली, "यंदा पानी लई खाली गेलंय म्हनं." एवढंच. न्याल का, जाऊ या का, काही नाही. दाजी शेजारी बसून रेडिओचा स्क्रू फिरवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी दोन लाकडी ओंडक्यांवर चढलेली होती आणि पुढची दोन्ही चाकं भिंतीला टेकलेली होती.

पुढचं सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरचे धक्के पोटात घालणारं सगळं प्रकरण, पार संपलं होतं. सांध्यांतले रबरी बुश चिरलेले, बॉल जॉइंट हाताने हलत होते, शॉकअपमधून तेल गळत होतं. खड्डा आला की पुढून लोखंडी पलंग फरफटत नेल्यासारखा आवाज येई. मी म्हटलं, "दाजी, नारायणगावच्या गॅरेजात द्या ना. दोन दिवसांत होईल."

गाडीखालून आधी एक पाना बाहेर सरकला. मग आवाज आला. "त्यो नट आवळील, धाकटे. बराबर आवळील. पन गाडीत कोन बसनार हाय त्ये त्याला कुठं म्हाईत हाय?"

सुट्या भागांची यादी त्यांनी वहीच्या पानावर चित्रांसकट काढून दिली आणि मी पुण्यात दुकानं पालथी घातली. पुढच्या शनिवारी लोअर आर्म, म्हणजे चाक धरणारा जाडजूड लोखंडी दांडा, मांडीवर घेऊन एसटीने आले. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, "नांगराचं हाय का?" मी हो म्हटलं.

मी तिथेच मुक्काम टाकला, आणि मग जे सुरू झालं ते पंधरवडाभर चाललं. जुने बुश निघेनात, म्हणून दाजींनी मोठा बोल्ट, वॉशर आणि पाइपाचा तुकडा जोडून त्यांचं एक ओढयंत्र बनवलं. डावा बॉल जॉइंट बसला, पण उजव्याने चार दिवस दाद दिली नाही. इकडे डिंभ्याचं उतरलेलं पाणी, तिकडे जवळ येणारा जूनचा पाऊस, आणि मध्ये उघडी पडलेली गाडी. आक्का रोज ओसरीवरून बघे आणि म्हणे, "ऱ्हाऊ द्या वो. पुढल्या साली जाऊ." दाजी पुन्हा गाडीखाली शिरत.

सगळं बसल्यावर त्यांनी चाकं लावली, गाडी जमिनीवर उतरवली आणि आक्काला म्हणाले, "बस आत. तुज्या जाग्यावर." बुशांचे नट शेवटचे आवळायचे ते गाडीवर नेहमीचं वजन असतानाच, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं, असं त्यांचं म्हणणं. मी आक्काला पाठीशी उशी देऊन पुढच्या सीटवर बसवलं आणि मागे बसले. दाजी खाली शिरले. अंगणात उभी असलेली गाडी, आत आम्ही दोघी, आणि पायाखालून पान्याची करकर.

"अवो," आक्का आपल्या पायांकडे बघत म्हणाली, "एवढं कशापायी? नुसती जोतीच हायती तिथं."

करकर थांबली. "माजं लगीन तिथंच झालंय ना," खालून आवाज आला. "हलू नको. अजून एक नट ऱ्हायलाय."

आक्का खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. खालचा माणूस चिडेल म्हणून तिने नाक ओढलंसुद्धा नाही.

मे संपायला चार दिवस असताना आम्ही निघालो. त्याआधी दाजींनी आक्काच्या सीटवर मला बसवून, मांडीवर ताकाचा तांब्या देऊन धरणाच्या भिंतीकडच्या रस्त्याने दोन फेऱ्या मारल्या होत्या. पहिल्या फेरीचं ताक माझ्या साडीवर आलं, दुसऱ्या फेरीत तांब्यातच राहिलं. कळंबपासून पुढे ते इतक्या हळू चालवत होते की कांद्याने भरलेला ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला, आणि घोडेगावच्या पुढे एक मेंढपाळ बराच वेळ आमच्याबरोबर गप्पा मारत चालला. शेवटचा टप्पा नुसता दगडगोट्यांचा. दाजींचे ओठ हलत होते, बहुधा एकेका दगडाला अहो-जाहो चाललं असावं. आक्का डोळे मिटून बसली होती. मी विचारलं, "दुखतंय का गं?" तिने मान हलवली. "न्हाई. झोळीत बसल्यावानी वाटतंय."

वाळून भेगाळलेल्या गाळावरून त्यांनी गाडी थेट जोत्यापाशी नेली. आक्का माझ्या खांद्याला धरून उतरली आणि बोलायला लागली. इथं चूल. इथं आईचं जातं. इथं तू पडून कपाळ फोडून घेतलंस. अंगणाच्या कोपऱ्यात एक सपाट दगड होता, तो दाखवून ती दाजींना म्हणाली, "तुमचा पाट हितं मांडला व्हता. तुमी खाली मान घालून बसला व्हता." दाजी त्या दगडावर जाऊन बसले आणि त्यांनी खरंच मान खाली घातली.

तो आक्काचा तिथला शेवटचा उन्हाळा ठरला. त्याच वर्षी दिवाळीआधी ती गेली. मणक्याने नाही, हृदयाने. झोपेत.

दाजी अजून येडगावलाच आहेत. भाची बोलावते, जात नाहीत. कांदा लावतात, पंप खोलतात. परवा त्यांचा फोन आला. आधी बराच वेळ पावसापाण्याचं बोलले, मग म्हणाले, "पानी उतरलंय. काल जाऊन आलो येकलाच."

"मग?"

"मग काय. नुसते दगड दिसत्यात गं, धाकटे. कुठं काय व्हतं, त्ये सांगायला कोन तरी पायजे ना."

मलाही कुठे सगळं ठाऊक आहे? देव्हारा कुठल्या भिंतीला होता, आई पाणी कुठे तापवायची, हे विचारलं तर मला सांगता येणार नाही. मी सात वर्षांची होते.

"रविवारी येते," मी म्हटलं.