रफूत गाठ मारत नाहीत

माझी मावशी रफू करते. कोणी त्याला शिवणकाम म्हटलं की ती चष्म्यावरून अशी बघते, की समोरचा आपल्या शर्टाची बटणं नीट लागलीत का ते तपासून घेतो. "फाटलंच नव्हतं असं कापडाला पटवून द्यायचं, म्हणजे रफू," असं मावशीचे यजमान, आमचे काका, सांगतात. मावशी एवढं लांबण लावत नाही. ती म्हणते, "भोक बुजवते."

एका लाँड्रीच्या दर्शनी काचेमागे तिचं टेबल आहे. त्यावर मान वाकडी करता येणारा दिवा, एक भिंग, आणि सुया खोचून खोचून चाळण झालेली उशी. सिगारेटने जळलेले कोट, खिळ्याला अडकलेल्या पँटी, कसरीने खाल्लेल्या शाली तिच्याकडे येतात. ती कपड्याच्याच आतल्या दुमडीतून चार धागे उपसते आणि भोकावर एक वरून, एक खालून असे विणत जाते. तिचा नियम एकच. गाठ मारायची नाही. गाठ मारली की तिथे फुगवटा येतो, फुगवट्यावरून इस्त्री फिरली की तेवढंच चकाकतं, आणि मग अख्ख्या जगाला कळतं की इथे भोक होतं. धाग्याची शेपटी आतल्या बाजूला मोकळी सोडायची. कापड तिला धरून ठेवतं.

ताई, म्हणजे मावशीची मुलगी, त्या टेबलाखाली बसून लहानाची मोठी झाली. अजूनही कुठल्याही दुकानात गेली की आधी कपडा उलटा करते. विकणारे रंग दाखवत राहतात आणि ही आतल्या शिवणी बघत बसते.

गेल्या थंडीत सुईत धागा जाईना. मावशीने आधी दिव्याला नावं ठेवली. काकांनी बल्ब बदलला. मग तिने धाग्याला नावं ठेवली, मग सुईला. एके सकाळी चहाचा कप बशीवर वाजत वाजत टेबलापर्यंत आला, तेव्हा नावं ठेवायला काही उरलं नाही. मी त्यांच्याकडेच राहते, म्हणून डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, बोटं एकमेकांवर टेकवायला लावली, कागदावर एक गोल काढायला लावला. तो गोल काही गोल झाला नाही.

"हे वाढत जाणार," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांनी वेग कमी होईल."

"आणि बारीक काम?"

"बारीक काम आता विसरा."

"बरं," मावशी म्हणाली. वाण्याने साखर संपली म्हटल्यावर म्हणते तसं.

काकांनी मात्र विसरायचं नाही असं ठरवलं. त्यांचा जन्म बस चालवण्यात गेला. रिटायर झाल्यापासून घरातल्या खुर्चीत बसूनही वळणावर किंचित झुकतात. ते लाँड्रीतून काम घरी आणू लागले. लाँड्रीवाल्याला सांगितलं, बाईंना जरा सर्दी आहे. मग रोज जेवण झालं की काका सुई घेऊन बसायचे आणि मावशी शेजारी बसून सांगायची.

"एक सोडा. आता वरून. अहो, स्टिअरिंग नाही ते, हळू."

"हळूच घेतोय. ट्रॅफिक आहे."

"आणि गाठ नको."

"नाही मारत गं."

पण मावशी आत जाऊन आडवी झाली की काका हळूच एक गाठ मारायचे. धागा मोकळा सोडायचा त्यांना धीर व्हायचा नाही. मी बघितलं की ओठांवर बोट ठेवायचे. त्याच दिवसांत ताईचा एक बिनअस्तराचा लोकरी कोट कुरियरने आला होता, बाहीला भोक पडलेला. तोही काकांनीच केला.

ताई दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिला अजून काही सांगितलं नव्हतं. "फोनवर नको," मावशी म्हणायची. मग ताईचाच फोन आला. येत्या रविवारी येतेय, दुपारी सगळ्यांनी बाहेर जेवायचं, खास कारण आहे, आत्ता विचारायचं नाही.

"तिथेच सांगू," मावशी म्हणाली. "आधी जेवू दे पोरीला. मग सांगू."

असे आम्ही त्या फॉन्ड्यूच्या हॉटेलात गेलो.

कोपऱ्यातलं टेबल, पांढरा टेबलक्लॉथ, मधोमध एक छोटी शेगडी. ताई आधीच येऊन बसली होती, अंगात तोच कोट. तिने मावशीला मिठी मारली तेव्हा मावशीने दोन्ही हात तिच्या पाठीवर घट्ट दाबून धरले. दाबले की कमी थरथरतात.

"हे नक्की काय असतं?" काकांनी मेनू लांब धरून विचारलं.

"चीज वितळवलेलं असतं, बाबा. त्यात पाव बुडवून खायचा."

"एवढंच? घरी मी रोज चहात बुडवतो. कोणी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत."

"सगळ्यांनी एकाच भांड्यात बुडवायचं असतं."

"म्हणजे सगळ्यांचं उष्टं एकत्र. त्याला इस्त्रीचे कपडे कशाला लागतात?"

ताई हसली. काकांचं हेच काम. घरात कुठे काही बिघडलं की ते इतके विनोद करतात की बिघडलेलं ऐकूच येत नाही.

वेटर भांडं घेऊन आला. खाली निळी ज्योत, वर चीज जाडसर बुडबुडे सोडत होतं. त्याने प्रत्येकासमोर एक लांब, बारीक काटा ठेवला.

"शेंड्याला रंग आहेत बघा, म्हणजे कोणाचा कुठला ते कळतं. आणि आमच्याकडे एक गंमत आहे. ज्याचा पाव भांड्यात पडेल, त्याला बाकीचे सांगतील ते करावं लागतं."

मावशीला हिरवा आला होता, काकांना लाल. मावशीने त्या काट्याकडे पाहिलं आणि हात मांडीवर घेतले.

"मला फारशी भूक नाही गं."

"आई, आज नाटकं नकोत. पहिला घास तुझा."

मावशीने काटा उचलला. पावाचा तुकडा टोकावर बसवायलाच वेळ लागला. काटा भांड्यावर आला, कडेवर टकटक वाजला आणि तुकडा टुपकन आत गेला. त्याच क्षणी काकांनी आपलाही पाव आत सोडला आणि कपाळावर हात मारला.

"गेला माझा."

"दोन पडले की," ताई म्हणाली.

"दोन्ही माझेच. मी जोडीने बुडवत होतो. सांग, काय करू?"

"बस चालवून दाखवा."

काकांनी चालवली. गियर टाकले, दारात लोंबकळणाऱ्यांना आत घेतलं, सुट्ट्या पैशांवरून भांडणारा प्रवासी आणि त्याला वैतागलेला कंडक्टर दोन्ही स्वतःच झाले. पलीकडच्या टेबलावरची माणसंसुद्धा वळून हसली. त्या गडबडीत त्यांनी लाल काट्याला पाव लावून, चिजात घोळवून मावशीच्या ताटलीत ठेवला आणि हिरवा काटा आपल्याकडे ओढला. ताईला ते दिसलं नाही. ती डोळे पुसत हसत होती.

मावशीने काटा मुठीत धरून तो घास खाल्ला. मग माझ्याकडे बघून मान हलवली. आता सांगते, असा त्याचा अर्थ. तिने घसा साफ केला.

"बाळा, तुला एक सांगायचं होतं."

"थांब. आधी मी." ताईने खिशातून एक किल्ली काढली आणि भांड्याशेजारी ठेवली. "मी राजीनामा दिला."

आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"असं काय बघताय? चांगली बातमी आहे. दुकान घेतलंय, आई. आपल्याच भागात, चौकात, भरपूर उजेड येतो. परवा करार झाला. पाटीवर फक्त 'रफू' लिहायचं आणि खाली तुझं नाव. गिऱ्हाईक, हिशेब, सगळं मी बघेन. तू फक्त तुझ्या टेबलावर बसायचं. लाँड्रीच्या वाफेत आयुष्य काढलंस, आता पुरे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिजाकडे पाहिलं. चिजाने काही सुचवलं नाही.

"अगं, पण नोकरी," काका म्हणाले. "एवढी चांगली नोकरी."

"कित्येक दिवस मनात होतं, धीर होत नव्हता. मग हा कोट आला ना आईकडून." ताईने बाही थोपटली. "हा घालून ऑफिसला गेले. एकालाही काही दिसलं नाही. तेव्हाच म्हटलं, ज्या बाईला हे जमतं तिने काचेमागे कोपऱ्यात बसायचं आणि मी तिकडे दुसऱ्यांची कामं करायची, हे काही खरं नाही."

मावशीचं तोंड अर्धवट उघडलं होतं. त्यातून जे निघालं ते एवढंच, "उजेड कुठल्या बाजूने येतो?"

"डावीकडून. तुला लागतो तसाच."

"चांगलंय," मावशी म्हणाली.

नंतर बराच वेळ सगळे खात होते. म्हणजे ताई खात होती. मावशीने नाइलाजाने आणखी एकदा काटा पुढे केला, आणखी एक पाव गेला, काकांनी आणखी एकदा तो आपल्या नावावर घेतला आणि शिक्षा म्हणून कोंबड्यासारखे आरवले. पण या वेळी आवाज मध्येच फाटला आणि त्यांनी पाणी प्यायलं. मी टेबलाखाली मावशीचा गुडघा दाबला. ती हळूच म्हणाली, "सांगायचं कसं आता?" मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं.

वेटर पाव वाढायला आला. ताई भलतीच खुशीत होती. तिने कोट काढून त्याच्यासमोर बाही धरली.

"इथे करंगळी जाईल एवढं भोक होतं. दाखवा कुठे ते."

वेटरने वाकून पाहिलं. "नाही सापडत."

"आता आतून दाखवते. खरं काम आतल्या बाजूला असतं."

"अगं, खाताना कपडे काय काढतेस," काका म्हणाले आणि त्यांनी बाहीवर हात ठेवला. "चीज लागेल."

"सोडा हो, बाबा."

तिने बाही उलटी केली. जगातल्या सगळ्यांचे कपडे उलटे करून बघणाऱ्या ताईने ही बाही आजवर उलटलीच नव्हती. आईच्या हातची म्हणून. तिचं बोट लोकरीवरून सरकत गेलं आणि थांबलं. मागे आलं. पुन्हा थांबलं. बाजरीच्या दाण्याएवढी गाठ होती.

वेटर "छान आहे" म्हणून निघून गेला.

"आई, इथे गाठ आहे."

"कुठे?" मावशी पुढे झुकली. तिला खरंच माहीत नव्हतं. तिने गाठीवर अंगठा टेकवला, आणि अंगठा बाहीवर फडफडत राहिला. "अहो, मी तुम्हाला नको म्हटलं होतं ना?"

"तू झोपली होतीस गं."

"म्हणून मारायची?"

"सुटेल अशी भीती वाटली. थंडीत पोर कोट घालून फिरणार, म्हटलं बाही उसवली तर?"

"उसवत नाही. शेकड्याने केलेत मी, एक तरी उसवला का?"

ताई एकदा आईच्या अंगठ्याकडे बघत होती, एकदा बाबांच्या जाड बोटांकडे. मग तिची नजर ताटल्यांवर गेली. हिरवा काटा काकांपुढे होता आणि लाल मावशीपुढे.

"हे बाबांनी केलं?" ताईने विचारलं. "का?"

मावशीने दोन्ही हात टेबलावर ठेवले, किल्लीच्या शेजारी. या वेळी दाबून धरले नाहीत. ताटलीवरचा चमचा बारीक वाजायला लागला.

"जेवण झाल्यावर सांगणार होतो," ती म्हणाली. "हिच्याबरोबर जाऊन आले डॉक्टरकडे. वाढत जाणार म्हणाले."

"मी राजीनामा दिलाय, आई."

"हो. तू आधी बोललीस ना."

काकांनी विनोदासाठी तोंड उघडलं आणि काहीच न बोलता मिटलं. मी त्यांना असं करताना पहिल्यांदाच पाहिलं.

"मी शिकते," ताई म्हणाली. तिचा आवाज घाईचा झाला होता. "तू शेजारी बसून सांग, मी करते. लहानपणापासून बघतेय."

"खालून बघितलंस. टेबलाखालून." मावशीने तिच्या गालाला हात लावला, गालही हलायला लागला. "शिकशील. बाबाही शिकले. पण पाटीवर माझं नाव लिहिण्याजोगा हात बसायला वर्षं जातील गं. तोवर या दुखण्याने मला नुसतं सांगू तरी द्यायला हवं."

"मग किल्ली परत करू?"

शेगडीतली ज्योत एव्हाना विझली होती. चिजावर साय धरली होती आणि माझा काटा त्यात रोवल्यासारखा उभा होता.

मावशीने कोट ओढून घेतला. पर्सच्या आतल्या पट्टीत ती कायम एक सुई खोचून ठेवते. ती काढायलाच तिला वेळ लागला.

"काय करतेस?" ताई म्हणाली.

"ही गाठ सोडवते. तुझ्या अंगावर गाठीचा कोट नको."

"आई, राहू दे."

"माझ्या नावावर गेलाय तो."

तिने बाही ताटलीच्या कडेवर ताणून धरली. सुई गाठीजवळ आली आणि शेजारी रुतली. तिने ती काढली. पुन्हा आली, पुन्हा शेजारी रुतली. ताईचा हात पुढे गेला, अर्ध्यात थांबला आणि परत मांडीवर आला. काकांनी डोळे बारीक करून सुईवर नजर लावली होती आणि त्यांचे खांदे सुईबरोबर उजवीकडे झुकत होते, डावीकडे झुकत होते.

वेटर आला. "ज्योत पेटवू का परत? की भांडं नेऊ?"

"असू दे," काका हळू आवाजात म्हणाले. "काम चाललंय."

सुई पुन्हा एकदा गाठीच्या बाजूला रुतली.