आईंच्या स्कूटरची रेस

धारहून सासूबाईंच्या शेजारच्या विनोदभियांचा फोन आला तेव्हा मी देवासला नवऱ्याचा, मनीषचा डबा भरत होते. "भाभी, आंटी उठ नहीं रहीं," एवढंच ते म्हणाले. इंदूरची गर्दी ओलांडून आम्ही पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेल्या... एका जागी कधी स्वस्थ न बसलेल्या माझ्या सासूबाई इतक्या गुपचूप कशा गेल्या, हे इतके आठवडे झाले तरी मनाला पटत नाही.

मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्या, मामंजी गेले, तरी त्यांची जुनी गिअरची स्कूटर आईंनी सोडली नाही. बाजार, देऊळ, मैत्रिणी, कधी मनात आलं तर थेट मांडू. मागच्या उन्हाळ्यात तिचा कार्बोरेटर पार झिजला. मूळ कंपनीचा मिळेना, म्हणून मेकॅनिकने दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचा आणून बसवला आणि तेव्हापासून रेस उतरेना. मूठ सोडली तरी इंजिन किंचाळत राही. "माताजी, नया माल है, थोड़ी तेज ही रहेगी," मेकॅनिक म्हणाला. एके दिवशी गिअर टाकताच स्कूटर उसळली आणि आई भाजीच्या गाड्यावर आदळल्या. मनगटाला प्लास्टर. आम्ही धावत धारला गेलो. मनीष घाबरला होता, म्हणून चिडला.

"आई, भंगारवाल्याशी बोललोय मी. रविवारी येईल तो."

रविवारी सकाळी आई मला म्हणाल्या, "सुषमा, तुझे हात दे मला जरा."

त्या सांगत होत्या, मी करत होते. रेसचा स्क्रू पार सैल केला, फरक नाही. केबलला ढील दिली, तरी तेच. आई अंगणात येरझारा घालत होत्या, मधेच वाकून ऐकत होत्या. मग थबकल्या. "स्क्रूचं काम नाही हे. कुठून तरी हवा खेचतेय ती. इस्त्रीची पाण्याची बाटली आण."

कार्बोरेटर इंजिनाला जोडलेला असतो तिथे मी फवारा मारला. इंजिन क्षणभर दबलं, पुन्हा चढलं.

"परत मार."

पुन्हा दबलं. "इथूनच हवा शिरतेय, पाण्याने भेग क्षणभर बुजते," आई म्हणाल्या. खोलून पाहिलं तर नव्या कार्बोरेटरखाली जुनंच, वाळून कडक झालेलं पॅकिंग, त्याला आडवी चीर. मी दुकानातून पॅकिंगचा कागद आणला, शिवणाच्या कात्रीने कापला, बसवला, दोन्ही नट आळीपाळीने आवळले. स्क्रू जागेवर आणला. किक मारली... आणि ती शांतपणे, एका लयीत चालू लागली.

भंगारवाला दारात उभा होता. "बसून बघ," आई मनीषला म्हणाल्या. तो एक चक्कर मारून आला, मूठ सोडून उतरलेला आवाज ऐकला, मग भंगारवाल्याला म्हणाला, "रहने दो भिया, गाड़ी नहीं देनी."

आईंच्या तेराव्यानंतर धारचं घर बंद केलं. मनीष ती स्कूटर स्वतः चालवत देवासला घेऊन आला. संध्याकाळी कामावरून आला की ती चालू करतो आणि पायरीवर बसतो. कुठे जायचं नसतं. "बंद करू?" मी विचारते.

"राहू दे अजून थोडी."

मला मात्र नुसतं बसवत नाही. काही बिघडलेलं नसतं, तरी मी पाना घेऊन तिच्याजवळ जाते आणि घट्टच असलेले ते नट पुन्हा आवळून बघते.